विज्ञान शिकवायला घेताय? दोलकापासून सुरुवात करा

ताई, सातवीला विज्ञान घेताय हे वाचून फार बरं वाटलं. एक विनंती: वैज्ञानिक पद्धतीच्या पायऱ्या फळ्यावर लिहून देऊ नका. मुलं त्या पाठ करतील, विचार करणार नाहीत. दोरा आणि लोखंडी नट घ्या, नट दोऱ्याला टांगून झुलता दोलक करा.

आधी अंदाज. एकाऐवजी दोन नट बांधले तर झोका (एकदा जाऊन परत येणं) लवकर पुरा होईल की उशिरा? प्रत्येकाने उत्तर कारणासकट वहीत लिहायचं, मगच मोजायचं. ही पायरी गाळलीत तर नंतर सगळेच म्हणतात, "मला माहीतच होतं." वजनाने फरक पडेल असं बऱ्याच मुलांना वाटतं. पडत नाही. फरक पडतो लांबीने: 1 मीटर दोऱ्याला 10 झोक्यांना साधारण 20 सेकंद लागतात, 25 सेंटीमीटरला साधारण 10.

सुरुवातीला हमखास होणाऱ्या चुका:

- दुसरा नट पहिल्याच्या खाली लटकवणं. वजनाबरोबर लांबीही वाढते, मग निष्कर्ष कशाचा काढायचा? नट शेजारी-शेजारी बांधा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे मुलांना इथेच कळतं.
- एकाच झोक्याचा वेळ घेणं. घड्याळ दाबायला लागणारा वेळच आकडा बिघडवतो.
- एखाद्या गटाचा आकडा वेगळा आला की "चुकलं" म्हणणं. त्यांनाच कारण शोधू द्या, परत मोजू द्या. तास संपला तरी चालेल.

सूत्र, वर्गमूळ, आलेख यांना एवढ्यात हात लावू नका. झोका मात्र लहानच द्यायला सांगा.