आडवी बाटली, न्यू जर्सीत

पत्र न्यू जर्सीहून आलंय. माहेर सातारा, सासर सांगली. थोडं कापून देतेय:

"काकू, नवऱ्याची दारू सुटून सात महिने झाले. फेब्रुवारीत इंडियात येऊन केंद्रात राहिला, आता इथे मिटिंगला जातो, डॉक्टरांची गोळी चालू आहे. आमच्या बेसमेंटमध्ये बार आहे, आठ-दहा बाटल्या असतील, त्यातल्या चार सीलबंद. तो म्हणतो राहू देत, पाहुण्यांना लागतात, मला काही होत नाही. काढल्या तर माझा त्याच्यावर विश्वास नाही असं त्याला वाटेल. आणि दिवाळीला सासू-सासरे येतायत सहा महिन्यांसाठी. मामंजींना रोज साडेसातला दोन पेग लागतात, येताना ड्यूटी फ्रीमधून आणणारच. त्यांना यातलं काहीच माहीत नाही, फेब्रुवारीत पुण्याला ऑफिसचं काम आहे एवढंच सांगितलं होतं."

अगं पोरी, बाटल्या काढ. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचशील.

आता तो म्हणतो ना, मला काही होत नाही, ते खोटं बोलत नसेल, पण त्याला एकदा सहज विचारून बघ की खाली न जाता सांग, कुठली बाटली कुठे आहे आणि किती उरलीय. माझ्या धाकट्या भावाचं सांगते. केंद्रातून येऊन तिसरा महिना चालू होता, आमच्याकडे शोकेसमध्ये वरच्या कप्प्यात पाहुण्यांची म्हणून एक ओल्ड मंक असायची आणि तो रोज तिच्यासमोर बसून पेपर वाचायचा, म्हणून आम्ही सगळे खुशीत होतो की बघा कसा सुधारला. एक दिवस मी भाकऱ्या करत होते तर ओट्याशी येऊन म्हणाला, ताई, ती बाटली लेबलच्या खाली गेलीय, परवा दाजींनी घेतली का? मी म्हटलं, तू तर तिकडे बघतसुद्धा नाहीस! म्हणाला, बघत नाही गं, पण ठाऊक असतं. माझी तव्यावरची भाकरी करपली त्या दिवशी. बाटली दुपारीच घराबाहेर गेली. माझ्या नवऱ्यानं जरा कुरकुर केली, केली तर केली.

तर मुद्दा विश्वासाचा नाहीच. सात महिन्यांत माणूस बदलतो, पण डोक्यात वर्षानुवर्षं बसलेली सवय एवढ्यात पुसली जात नाही, बाटली दिसली, ग्लासात बर्फ पडल्याचा आवाज आला, शुक्रवारची संध्याकाळ झाली की तलफ उठते, त्याला विचारून उठत नाही. आणि ती उठते तशी ओसरतेही, बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत. घरात बाटली असली की तो अर्धा तास म्हणजे बेसमेंटच्या बारा पायऱ्या. नसली की कपडे बदला, गाडी काढा, लिकर स्टोअर शोधा, तुमच्या न्यू जर्सीत तर बहुतेक सुपरमार्केटात मिळतही नाही म्हणे, आणि तेवढ्यात मिटिंगमधल्या कुणाचा तरी फोन लागतो नाहीतर पोरगं होमवर्क घेऊन येतं. पिणारा माणूस मनावर घेईल तर कुठूनही आणेल, ते मला माहितीय. आपण कुलूप लावत नाही आहोत, मधे रस्ता ठेवतोय.

कुलपावरून आठवलं, बारला कुलूप लावून चावी स्वतःकडे ठेवायचा विचार मनात येईल, तो करू नकोस. त्यानं तू बायकोची हवालदार होतेस, आणि चावी कुठे ठेवलीय हे त्याला तुझ्याआधी कळतं.

मग काढायच्या कशा? गुपचूप नाही, त्याला सांगून, पण त्याच्या हातानं नाही. सीलबंद चार कुणा मित्राला देऊन टाक. उघड्या बाटल्या तो घरात नसताना ओत आणि नंतर सिंकमध्ये भरपूर पाणी सोड, वास दिवसभर राहतो. महागाची सिंगल माल्ट ओतवत नाही हे मला समजतं, पण एकच ठेवू या असं म्हणू नकोस, ती एकच सगळ्यात जड असते. ग्लासही हलव, पेगचं मेजर, बर्फाची बकेट, सगळं. आणि त्यालाच शांतपणे विचार की अजून कुठे काही राहिलंय का, मी ओरडणार नाही. आमच्याकडे तांदळाच्या पिंपात चपटी निघाली होती आणि स्कूटरच्या डिकीत दुसरी, दोन्ही भावानंच सांगितल्या. तुमच्याकडे गॅरेज असेल, गाडीतलं स्पेअर व्हील असेल. तू मागे लागून शोधत बसलीस तर तो लपवायला शिकेल, ते त्याला आधीपासून येतं.

गोळी कुठली ते लिहिलं नाहीस. नाल्ट्रेक्सोन असेल तर ती तलफ कमी करायला असते. डायसल्फिरम असेल तर मात्र स्वयंपाकघरातही बघावं लागेल, कारण त्या गोळीवर थोडी जरी दारू पोटात गेली तरी चेहरा लाल होतो, धडधड, उलट्या, बीपी खाली, आणि गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत असं होऊ शकतं. केकमध्ये घालतात तो व्हॅनिला एक्स्ट्रॅक्ट, तुमच्याकडे त्यात कमीत कमी ३५ टक्के अल्कोहोल असतं. काही माउथवॉशमध्ये २० टक्क्यांच्या वर, रात्री घ्यायच्या काही खोकल्याच्या औषधांतही असतं, लेबल वाचायची सवय लाव. वाइन घालून शिजवलं की सगळी उडून जाते हा समज आहे, पंधरा मिनिटं शिजवलं तरी चाळीसेक टक्के मागे उरते. नॉन अल्कोहोलिक म्हणून विकतात त्या बिअरमध्येही अर्ध्या टक्क्यापर्यंत अल्कोहोल असू शकतं, पण मला त्या अर्ध्या टक्क्यापेक्षा चवीची आणि हातातल्या कॅनची भीती जास्त वाटते. आणि एक, इथे काही बायका नवऱ्याला न सांगता चहातून, भाजीतून औषध देतात, तसल्या पावडरींच्या जाहिराती असतात, तू करणार नाहीस पण तुझ्या सासूबाईंना कुणीतरी सुचवेल. त्याच्यावर तो बाहेर प्यायला तर जिवावर बेतेल.

आता सासरे. खरा पेच हाच आहे, बाटल्यांचा नाही.

तुला आपल्याकडची आडवी बाटली आठवत असेल. साताऱ्याकडच्या गावागावात बायकांनी दारूचं दुकान बंद करायला मतदान घेतलं, मतपत्रिकेवर एक बाटली उभी, एक आडवी. २५ टक्के बायकांनी सह्या करून मागणी केली की मतदान लागतं, आणि दुकान बंद व्हायला गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. एकूणपैकी, आलेल्यांपैकी नाही! म्हणजे जी बाई घरीच बसली, शेतात गेली, भांडण नको म्हणून आलीच नाही, तिचं मत उभ्या बाटलीलाच गेल्यासारखं. तुमच्या घरात तसंच होणार बघ. तू गप्प, नवरा लाजेनं गप्प, सासूबाईंना माहीतच नाही, आणि साडेसातला टेबलावर बाटली उभी.

तेव्हा मामंजींना ते विमानात बसायच्या आधी कळलं पाहिजे. आल्यावर नाही, कारण अमेरिकेत माणशी एक लिटर ड्यूटी फ्री आणता येते, दोघांच्या मिळून दोन बाटल्या बॅगेतून बाहेर येणार, भडंग आणि बेदाण्यांच्या पिशव्यांशेजारी, आणि म्हातारा माणूस कौतुकानं मुलासाठी आणलेली वस्तू समोर ठेवत असताना त्याला नको म्हणायला कुणाची जीभ रेटेल? आणि सांगायचं मुलानं. सुनेनं सांगितलं तर ती सुनेची कुरापत होते, सांगलीत काय सातारला काय. तू शेजारी बस फक्त.

ते काय म्हणतील तेही सांगते. मी तीस वर्षं घेतोय, मला कधी काही झालं नाही, ह्यालाच कंट्रोल नाही. वाद घालू नका. दारूचं व्यसन लागण्यात साधारण निम्मा वाटा अनुवंशाचा असतो, पण हे त्या फोनवर बोललात तर खापर आपल्यावर फोडतायत असं वाटेल त्यांना. नवऱ्यानं एवढंच म्हणायचं, बाबा, मला हा आजार झालाय, मी उपचार घेतोय, घरात बाटली नको आहे. तुम्ही पिऊ नका असं तो म्हणतच नाहीये. त्यांना महिन्यातून एकदा मित्राकडे बसायचं असेल तर बसू दे.

पण इथे एक गोष्ट सगळे विसरतात. रोजचे दोन पेग म्हणजे लार्ज असतील तर १२० मिली, आपल्याकडच्या व्हिस्कीत ४२.८ टक्के अल्कोहोल, अमेरिकन हिशेबानं जवळपास तीन ड्रिंक झाले, आणि घरी ओतलेला पेग कुणी मोजून ओतत नाही. इतकी वर्षं रोज घेणारा वयस्कर माणूस विमानातून उतरून एकदम शून्यावर आला तर पहिल्या एक-दोन दिवसांत हात थरथरणं, घाम, झोप नाही, क्वचित फिट, आणि दोन-तीन दिवसांनी भ्रम होऊ शकतो. सगळ्यांना होत नाही, पण परक्या देशात, इन्शुरन्सच्या भानगडीत, ते नकोच. तेव्हा निघायच्या महिनाभर आधी सांगलीतच त्यांच्या बीपी-शुगरच्या डॉक्टरांना खरं प्रमाण सांगून हळूहळू कमी कसं करायचं ते विचारून घ्यायला लावा. एकट्यानं ठरवून एका दिवसात बंद नाही करायचं. कदाचित यातूनच मामंजींना मुलाचं दुखणं जरा आतून कळेल, न कळलं तरी चालेल.

मित्रांचं फार अवघड नाही. आमच्याकडे हल्ली दारू नसते, जेवायला या. कोकम सरबत, ताक, मटणाचा तांबडा रस्सा कर. ज्यांना दारूवाचून यायला जमत नाही ते येणार नाहीत, दोन-तीन घरं कमी होतील, त्यातलं एखादं तुला लागेलही.

आणि तू स्वतः कुठे जातेस? पूर्ण पत्रात तुझं एक वाक्य नाही. एए, म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांच्या मिटिंगा असतात ते, तुमच्या अमेरिकेतच १९३५ ला ओहायोमधल्या अ‍ॅक्रनला सुरू झालं, आणि घरच्यांसाठीचं अल-अ‍ॅनॉन १९५१ ला, ते सुरू करणाऱ्या दोघींपैकी एक एएच्या संस्थापकाची बायको. तिलाही नवरा सुधारल्यावर कळलं की आपलं काहीतरी राहिलंय. ऑनलाइन मिटिंग असतात, कॅमेरा बंद ठेवून बस. रात्री-बेरात्री काही झालं तर तुमच्याकडच्या साम्सा या सरकारी संस्थेची व्यसनासाठीची हेल्पलाइन आहे, १-८००-६६२-४३५७, फुकट, चोवीस तास.

कायम असंच का, हे पुढचं पत्र असेल. पहिलं वर्ष तरी विषयच काढू नका. माझ्या भावाला अकरा वर्षं झाली, लग्नात पिणाऱ्यांच्या टेबलावर बसून जेवतो, पण घरात अजून नाही, कुणी ठरवलेलं नाही, आणलीच नाही.

फोन रविवारी करा. तुमचे सकाळचे आठ म्हणजे सांगलीत साडेपाच, मामंजी चहा घेऊन पेपर चाळत असतील. साडेसातच्या आत उरका.