हौशी सुतारकाम करणाऱ्या सात-आठ मित्रांत स्पर्धा ठेवायची आहे. काही नवखे, काही मुरलेले. नियम काय ठेवावेत?

सगळ्यांना एकसारखी फळी द्या. सागवान महाग पडतं, शिकाऊ हाताला पाइन बरं. ४ फूट लांब, ६ इंच रुंद, पाऊण इंच जाड एवढी पुरे. त्यातून काय करायचं ते ज्याचं त्याने ठरवावं, पण खिळे-स्क्रू नकोत. सांधे आणि फेविकॉल चालेल. या एका अटीनेच खरी मजा येते. कापण्याआधी कागदावर मापं मांडायला सांगा, कारण करवतीच्या प्रत्येक कापात मिलिमीटर-दोन मिलिमीटर लाकूड भुसा होऊन जातं. दहा काप म्हणजे जवळजवळ बोटाएवढी रुंदी गेली! नवखे नेमके इथेच फसतात.

मुदत चार आठवडे द्या, म्हणजे चार रविवार तरी हाताशी येतात. पावसाळा मात्र टाळाच. दमट हवेत फळी आडवी फुगते आणि आज घट्ट बसलेला सांधा दिवाळीनंतर सैल होतो.

नंबर काढू नका, मनापासून सांगतो. शेवटी सगळ्यांनी वस्तू घेऊन एकत्र जमा, उलट्या करून सांधे बघा, आणि चूक कुठे झाली, ती कशी सावरली हे प्रत्येकाने सांगा. मशीन वापरणाऱ्यांना डोळे वाचवणारा सेफ्टी चष्मा सक्तीचा.