फुप्फुसातल्या कार्सिनॉइडला (सहसा हळू वाढणारा एक कर्करोग) दोन औषधं एकत्र दिली तर फायदा होतो का?

तुमच्या काकांना डॉक्टरांनी सुचवलेल्या एव्हरोलिमस आणि पॅसिरिओटाइड या जोडीचा अभ्यास झालेला आहे. लूना नावाच्या चाचणीत फुप्फुस आणि थायमसच्या (छातीतली एक ग्रंथी) पसरलेल्या कार्सिनॉइडचे १२४ रुग्ण होते. नऊ महिन्यांनंतर आजार न वाढलेले रुग्ण: दोन्ही औषधं घेणाऱ्यांत सुमारे ५८ टक्के, फक्त पॅसिरिओटाइडवर ३९, फक्त एव्हरोलिमसवर ३३. आकडे आशादायक आहेत, पण चाचणी लहान होती आणि गटांची एकमेकांशी थेट तुलना करणं हा तिचा हेतू नव्हता. त्यामुळे माझ्या मते याला 'ठरलेला उपचार' म्हणणं घाईचं होईल.

खरी अडचण साखरेची. दोन्ही औषधं साखर वाढवतात, पॅसिरिओटाइड तर चांगलीच. काकांना आधीच मधुमेह असेल तर ग्लुकोमीटर घरात हवाच. एव्हरोलिमसने तोंड येतं, साधा वरणभातही झोंबतो. गुळण्यांचं औषध सुरुवातीलाच मागून घ्या.

आणि हो, बायोप्सीच्या रिपोर्टात 'टिपिकल', 'अटिपिकल' (हे कार्सिनॉइडचे दोन प्रकार) की 'स्मॉल सेल' (वेगाने वाढणारा वेगळा कर्करोग) लिहिलंय ते आधी बघा. स्मॉल सेल असेल तर ही जोडी लागूच नाही, तिथे प्लॅटिनम गटातलं औषध आणि इटोपोसाइड यांची केमो लागते.