महिनाभर भारतात धावपळ करून परत आलोय, पार थकलोय. ईस्टरच्या डीडब्ल्यू रेससाठी पॅडलिंग परत कसं सुरू करू?

तुम्ही लिहिलंय दोन लग्नं, अष्टविनायक, कोकण, मधेच पोट बिघडलं, आता लंडनला परत, ईस्टरला सात आठवडे उरलेत आणि के-टूमधला (दोघांच्या कयाकमधला) पार्टनर रोज विचारतोय कधी येतोस म्हणून. भारतातली सुट्टी ही सुट्टी नसतेच हो, इकडे राहणाऱ्या प्रत्येकाला माहितीय. मी ही रेस केलीय म्हणून सांगतो, बुडालेली सेशन्स भरून काढायला जाऊ नका. ती गेली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, डीडब्ल्यू म्हणजे डिव्हायझेस ते वेस्टमिन्स्टर, 125 मैल, आधी केनेट अँड एव्हन कॅनॉल आणि रेडिंगपासून थेम्स, 1948 पासून चालत आलीय. वाटेत 77 पोर्टेज, म्हणजे लॉक (पाण्याची पातळी बदलणारे कॅनॉलचे दरवाजे) आलं की बोट उचलायची, पळायचं, पुढे परत पाण्यात टाकायची. दोघांची नॉनस्टॉप रेस रात्रभर चालते आणि टेडिंग्टनला, जिथून पुढे थेम्सला भरती-ओहोटी लागते, भरतीचं गणित सांभाळूनच पोचावं लागतं.

आता तुमचं. तुम्हाला वाटतंय तेवढा दम गेलेला नाहीये. पहिल्या काही दिवसांत जी घसरण होते ती बरीचशी रक्तातला प्लाझ्मा, म्हणजे पातळ द्रव, कमी झाल्यामुळे असते आणि तो परत पण लवकर येतो. गोची होते ती मनगटाची आणि तळहातांची. महिनाभरात घट्टे मऊ पडतात, टेंडन्स (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या) सवय विसरतात, आणि दम लवकर परत आल्यामुळे माणूस खूष होऊन तिसऱ्याच दिवशी तीन तास मारतो आणि मग मनगटाच्या वर अंगठ्याच्या बाजूला दुखायला लागतं, हात हलवला की आत करकर होते. ती करकर झाली की पॅडल खाली, लगेच. ओढून नेलंत तर रेसच जाते, मी क्लबमध्ये चांगले फिट लोक असे घरी बसलेले पाहिलेत. पॅडल आवळून धरणं हे मोठं कारण, थंडीत तर आपोआपच आवळलं जातं. ढकलणाऱ्या हाताची बोटं प्रत्येक स्ट्रोकला जरा उघडी ठेवायची, हे पहिल्या आठवड्यात मुद्दाम घोटून घ्या, तसंही तेव्हा स्पीड नसतोच.

पोट पूर्ण ठीक झाल्याशिवाय बोटीत बसू नका. ताप किंवा छातीत कफ असेल तर अजिबातच नाही. साडेपाच तासांचा जेटलॅग आहे, संध्याकाळी सातलाच डोळे मिटतात, तर चारपाच दिवस नुसतं चाला, झोपा, नीट जेवा. सकाळी उठल्या उठल्या नाडी मोजा, नेहमीपेक्षा बरीच जास्त असेल तर त्या दिवशी आराम.

मग पहिला आठवडा आधीच्या निम्मं, गप्पा मारता येतील एवढ्याच जोरात. दुसरा पाऊण. तिसऱ्यात एक लांब पॅडल. पहिले काही दिवस रेसिंग बोट नको, स्थिर बोट घ्या, कारण थकव्यात बॅलन्स आधी जातो आणि फेब्रुवारीच्या पाण्यात पडलात तर श्वासच अडकतो. बॉयन्सी एड (तरंगतं ठेवणारं जॅकेट) घालाच, एकटे जाऊ नका. थेम्सच्या लॉकवर लाल बोर्ड, म्हणजे प्रवाह जोरात असल्याचा इशारा, लागला असेल तर कॅनॉलवर जा, डिव्हायझेसपासून वूटन रिव्हर्सपर्यंत 15 मैल एकही लॉक नाही, लय परत बसवायला त्याच्याइतकी भारी जागा नाही. पोर्टेजसाठी पाणी लागतच नाही, दोघं मिळून बोट उचलून टोपाथवर (कॅनॉलकाठच्या वाटेवर) पळा, चढउतार करा. हे लोक फार कमी करतात आणि रेसमध्ये वेळ तिथेच जातो.

आणि पार्टनरशी आत्ताच बोला. न्यूबरीची वॉटरसाइड डी ही डीडब्ल्यूआधीची 34 मैलांची रेस, ती तुमची खरी परीक्षा. ती संपल्यावर दुसऱ्या दिवशी मनगट ठीक असेल तर नॉनस्टॉप करा. नसेल तर डीडब्ल्यूच्याच चार दिवसांत होणाऱ्या रेसमध्ये बदलता येईल का हे ऑर्गनायझर्सना आधीच विचारून ठेवा, ईस्टरच्या आदल्या आठवड्यात नको. सपोर्ट क्रूला (काठावरून मदत करणाऱ्यांना) पण त्याप्रमाणे सांगायला लागेल, त्यांनी सुट्ट्या टाकलेल्या असतात.