ट्रोलला राक्षस म्हणावे का?

नॉर्वेच्या लोककथा मराठीत आणताना त्यांतल्या ‘ट्रोल’ या अद्भुत प्राण्यासाठी ‘राक्षस’ चालेल का, आणि इंटरनेटवर लोकांना छळणारा ट्रोल तो हाच का, असे विचारले आहे.

राक्षस लिहू नये असे मला ठामपणे वाटते. आपल्याकडे राक्षस म्हणजे एक वंश. त्याला कुळ आहे, लंकेसारखी नगरी आहे, तपश्चर्या करून मिळवलेले वर आहेत. प्राचीन नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियाच्या जुन्या भाषेतल्या, साहित्यात देवांशी वैर धरणाऱ्या महाकायांना ‘योतुन’ म्हणतात. राक्षस वापरायचाच असेल तर तो तिथे थोडाफार शोभेल. ‘ट्रोल’ हा त्याहून फार सैल शब्द. महाकाय, चेटकीण, थडग्यातून उठलेला मेलेला माणूस, या सगळ्यांना जुन्या आइसलँडी ग्रंथांत ट्रोल म्हटलेले सापडते. त्या शब्दाचे नाते एखाद्या ठरावीक रूपापेक्षा जादूशी अधिक आहे. स्वीडिशमध्ये आजही ‘ट्रोला’ म्हणजे जादू करणे, ‘ट्रोलदोम’ म्हणजे चेटूक, ‘ट्रोलकार्ल’ म्हणजे जादूगार. मोझार्टच्या जादूच्या बासरीच्या ऑपेराचे स्वीडिश नावसुद्धा ‘ट्रोल’पासूनच सुरू होते, आणि त्यात डोंगरातला कुणी अक्राळविक्राळ प्राणी नाही!

रूप प्रदेशागणिक बदलते. आस्ब्यर्नसेन आणि मू या दोघा लोककथा-संग्राहकांनी 1841पासून छापलेल्या नॉर्वेजियन कथांत ट्रोल अवाढव्य असते, कधी तीन, कधी सहा, कधी नऊ डोक्यांचे. त्याला ख्रिस्ती माणसाच्या रक्ताचा वास येतो, आणि ऊन अंगावर पडले की ते फुटते किंवा दगड होते. डेन्मार्क आणि दक्षिण स्वीडनमधले ट्रोल मात्र टेकाडाच्या पोटात घर करून राहते. ते अंगाने माणसाएवढे किंवा लहानच, चांदीसोने बाळगून असते, शेजाऱ्यांशी उसनवारीही करते. चर्चच्या घंटेचा आवाज त्याला सोसत नाही. पाळण्यातले मूल उचलून स्वतःचे पोर तिथे ठेवण्याची भीती याच ट्रोलची. डोंगरात ओढून नेलेल्या माणसासाठी स्वीडिशमध्ये ‘बेर्यतागेन’ असा खास शब्दच आहे. लांब नाक, शेवाळलेले केस हे जे चित्र आपल्या डोळ्यांपुढे येते, त्यातले पुष्कळसे नॉर्वेचा चित्रकार थिओडोर किट्टेलसेन आणि स्वीडनचा जॉन बाउअर यांच्या कुंचल्यातून आलेले आहे. म्हणून अनुवादात ‘ट्रोल’च ठेवावे. वेताळ, खवीस, मुंजा यांचे आपापले गाव, झाड, कूळकथा आहेत. त्यांतला एखादा फ्योर्डच्या, म्हणजे नॉर्वेतल्या डोंगरांमधून आत शिरलेल्या खाडीच्या, काठी नेऊन बसवला तर दोघांवरही अन्याय होईल.

आता लिंग. याकडे कुणी लक्ष देत नाही, पण मला हा भाग फार आवडतो. प्राचीन नॉर्स, नॉर्वेजियन आणि स्वीडिश या तिन्हींत हा शब्द नपुंसकलिंगी आहे. मराठीला नपुंसकलिंग आहे आणि आपण ‘ते भूत’ म्हणतोच. तेव्हा लोककथेतले ‘ते ट्रोल’, अनेकवचनी ‘ती ट्रोले’ असे लिहावे. हिंदीला ही सोय नाही, आपल्याला आहे, ती वापरावी.

इंटरनेटवरचा ‘तो ट्रोल’ वेगळ्या वाटेने आला. इंग्रजीत ‘ट्रोलिंग’ ही मासेमारीची एक रीत आहे: चालत्या होडीमागे आमिष लावलेली दोरी ओढत न्यायची. 1990च्या दशकात यूजनेट या इंटरनेटवरच्या जुन्या चर्चामंचावर, मुद्दाम काहीतरी चिथावणीखोर लिहून नवख्यांना गळाला लावण्यासाठी हा शब्द रुळला. लोककथेत पुलाखाली दबा धरून बसणाऱ्या ट्रोलचे चित्र त्याला पुढे चिकटले, आणि ते इतके घट्ट बसले की खुद्द नॉर्वेत आता अशा माणसाला ‘नेट्ट्रोल’ म्हणतात. आपले ‘ट्रोल करणे’, ‘ट्रोलिंग’, ‘ट्रोलर’ हे सगळे या दुसऱ्या वाटेचे. तिथे पुल्लिंगच राहू द्यावे; म्हणजे ‘ते ट्रोल’ आणि ‘तो ट्रोल’ यांतला फरक वाक्यातच कळेल.