गुसल झालं की नाही, ही शंका सुटत नाही तेव्हा

पाळी संपल्यावरचं फर्ज (बंधनकारक) गुसल, म्हणजे पाक होण्यासाठीची सर्वांगाची अंघोळ, नीट झाली का, या धास्तीने बेजार झालेल्या मुली माझ्याकडे अधूनमधून येतात. राजापूरकडची एक (ओळख बदलली आहे) न्हाणीत तास-दीड तास असायची. केसाचं एखादं मूळ कोरडं राहिलं असेल, म्हणून पुन्हा पहिल्यापासून. मे महिन्यात विहिरीने तळ गाठलेला, हातांची सालं निघालेली, आणि एवढं करून फजरची (पहाटेची) नमाज चुकायची ती चुकायचीच. बाहेर आली की आईला विचारायची, "झालं ना गे?"

घरच्यांना वाटत होतं, पोर फारच दीनदार (धर्मनिष्ठ) आहे. मला मात्र हा मंत्रचळ (ओसीडी) वाटला. मनोविकारतज्ज्ञांनीही तेच निदान केलं आणि औषध सुरू केलं.

तिच्या संमतीने गावच्या मौलानांनाही बोलावलं. कोकणी मुसलमान बहुतेक शाफई मसलकाचे, म्हणजे त्या धर्मशास्त्रीय परंपरेचे. मौलानांनी सांगितलं, त्या मसलकात गुसलचे फर्ज दोनच: नियत (मनातला संकल्प), आणि सगळ्या अंगाला, केसांच्या मुळांपर्यंत पाणी. पाणी पोचल्याचा दाट अंदाज आला की पुरे. पैगंबर साधारण तीन लिटरभर पाण्यात गुसल करत, हेही हदीसमध्ये (पैगंबरांच्या वचन-आचरणाच्या नोंदींत) आहे. यकीन (खात्री) शंकेने मोडत नाही, आणि वारंवार येणारा वसवसा (मनात घोळणारी शंका) तर मनावर घ्यायचाच नाही.

ती रडली, हलकी झाली. दोन दिवसांनी मौलानांना फोन: "पण माझे केस दाट आहेत, मला हे लागू होतं ना?"

इथेच बहुतेक घरं अडकतात. मसला (धर्माचा प्रश्न) एकदा विचारणं हे इल्म (ज्ञान), तोच रोज विचारणं हा आजाराचाच भाग. प्रत्येक दिलाशाने जीव घटकाभर शांत होतो आणि पुढची शंका जोर धरते. म्हणून मौलानांशी बोलून ठरवलं की उत्तर दिलंय, ते पुन्हा द्यायचं नाही. बादल्या मोजून दोन, गुसल एकदाच, आणि छातीत धडधडत असली तरी तशीच नमाजला उभी राहायचं. धडधड आपोआप ओसरते, हे तिला स्वतः अनुभवायचं होतं. पहिले काही आठवडे फार जड गेले.

सगळ्यात अवघड काम आईचं होतं. लेक काकुळतीने विचारत असताना "झालं" न म्हणणं सोपं नाही. ती आता एवढंच म्हणते, "वेळ झाली, बाय, मुसल्ला घे." मुसल्ला म्हणजे नमाजची चटई.