अमेरिकेतल्या जॉर्जियात हरणाची शिकार: लीज की कोणाच्या घरची जमीन?

शिकारीला नवे आहात, आणि लाकूड कंपनीची जमीन लीजवर (भाड्याने) घ्यावी की सहकाऱ्याच्या घरच्या जमिनीवर जावं, असा प्रश्न असेल, तर पहिल्याच सीझनला लीजचे पैसे भरू नका. सहकाऱ्याच्या घरची जमीन मिळतेय ना, तिथूनच सुरुवात करा. हरणं कुठून येतात-जातात हे दाखवणारं माणूस सोबत असेल, त्याची किंमत मोठी आहे. पण नुसत्या "ये कधीही"वर जाऊ नका. अशी जमीन बऱ्याचदा भावाबहिणींत सामाईक असते. एकाने हो म्हटलेलं दुसऱ्याला माहीतही नसतं. परवानगी लेखी घ्या, दर सीझनला नव्याने.

लाकूड कंपनीची लीज एकराच्या दराने, वर्षाची आणि बहुधा हंटिंग क्लबच्या नावे असते. सहीआधी विचारा:

- विमा कोण भरतो?
- पाहुणा आणता येतो का?
- तोड कधी आहे? कंपनीचा धंदा लाकडाचा, यंत्रं भर सीझनमध्येही येऊ शकतात.

नवखे सर्वांत जास्त चुकतात हद्दीवर. जखमी हरीण पलीकडे गेलं तरी आधी त्या मालकाला विचारायचं, मगच पाऊल टाकायचं.

बंदुकीच्या सीझनमध्ये ५०० चौरस इंच भडक नारिंगी कपडा अंगावर हवाच. आणि एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असाल तर हंटिंग लायसन्स हातात आल्याशिवाय बंदुकीला हात लावू नका, तो केंद्रीय कायदा आहे.

झाडावर बसायचा स्टँड, हरणं टिपायला जंगलात लावायचे कॅमेरे, हे पुढच्या वर्षी बघू.